न्यूयॉर्कचं न गाळलेलं पाणी: कॅट्सकिल पाणलोटाच्या कराराचा प्रकरण अभ्यास

न्यूयॉर्क शहराला रोज साधारण 100 कोटी गॅलन, म्हणजे 3,800 दशलक्ष लिटर पाणी लागतं. मुंबई महापालिका रोज पुरवते जवळपास तेवढंच. मुंबईचं बहुतेक पाणी भांडुप आणि पांजरापूरच्या केंद्रांत तुरटी घालून, गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून येतं. न्यूयॉर्कचं सुमारे नव्वद टक्के पाणी मात्र कुठल्याही गाळणीतून जात नाही. ते डोंगरात साठतं, बोगद्यांतून उताराने वाहत येतं आणि क्लोरीन व अतिनील किरणांचा मारा घेऊन थेट नळाला लागतं.

परिषदांमध्ये या प्रकरणाची एक गोष्ट ठरलेली असते: सहा अब्ज डॉलरचं शुद्धीकरण केंद्र बांधण्याऐवजी शहराने दीड अब्ज डॉलर निसर्गावर खर्च केले आणि निसर्गाने पाणी गाळून दिलं. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. त्या पैशातून झाडं लावण्यावर फार थोडा खर्च झाला. पैसा गेला जमीन विकत घेण्यावर, घरांच्या सेप्टिक टाक्यांवर, वासरांच्या गोठ्यांवर, छोट्या गावांच्या मैलापाणी केंद्रांवर आणि पाणलोटातल्या लोकांवर शहराने लादलेल्या बंधनांची भरपाई करण्यावर. ही योजना तीस वर्षं टिकली ती या शेवटच्या भागामुळे. म्हणून इथे जंगलाबद्दल थोडं आणि कराराबद्दल जास्त लिहिलं आहे.

पाणी येतं कुठून

एकूण पाणलोट सुमारे 5,100 चौरस किलोमीटर. त्यात 19 जलाशय आणि 3 नियंत्रित तलाव. यंत्रणा तीन आहेत. हडसन नदीच्या पूर्वेची क्रोटन सगळ्यात जुनी, 1842 पासूनची. पश्चिमेला कॅट्सकिल डोंगरातले अशोकन आणि स्कोहारी हे जलाशय. अशोकनचं पाणी 1915 च्या सुमारास शहराकडे निघालं. त्याच्याही पलीकडे डेलावेअर नदीच्या खोऱ्यातले रॉन्डाउट, नेव्हरसिंक, पेपॅक्टन आणि कॅनन्सव्हिल; यातला शेवटचा 1960 च्या दशकात पुरा झाला. डेलावेअरचा बोगदा 137 किलोमीटर लांब आहे आणि जगातला सर्वांत लांब बोगदा म्हणून त्याची नोंद होते. पश्चिमेचं सगळं पाणी शहराच्या उत्तरेला केन्सिको जलाशयात एकत्र येतं. क्लोरीनपूर्वी पाणी थांबण्याची ही शेवटची मोठी जागा, आणि कायद्याने मोजणी होते तीही इथूनच बाहेर पडणाऱ्या पाण्याची.

न गाळलेलं पाणी पिणारी अमेरिकेत आणखीही शहरं आहेत. पण सिएटलच्या सीडर नदीचं पाणलोट शहराच्याच मालकीचं आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोचं हेच हेची राष्ट्रीय उद्यानात येतं. न्यूयॉर्कचं तसं नव्हतं. पश्चिमेच्या पाणलोटात अर्ध्या लाखाहून अधिक लोक राहतात. तिथे दुधाचे गोठे आहेत, बर्फावर घसरायचे रिसॉर्ट आहेत, रस्ते आणि बाजार आहेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला जलाशय सोडून शहराच्या मालकीची जमीन चार टक्क्यांच्याही आत होती. राज्याचं संरक्षित वन साधारण पाचव्या हिश्श्यावर, बाकी सगळी खासगी.

1989 चा नियम

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1989 मध्ये भूपृष्ठावरच्या पाण्यासाठी नियम काढला: पाणी गाळायलाच हवं. सूट हवी असेल तर पुढच्या अटी पाळून दाखवायच्या. निर्जंतुक करण्याआधीच्या पाण्याचा गढूळपणा 5 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर जायचा नाही, आणि तो दर चार तासांनी मोजायचा. मागच्या सहा महिन्यांतल्या किमान 90 टक्के नमुन्यांत विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमागे 20 किंवा त्याहून कमी हवेत. निर्जंतुकीकरणाने जिआर्डिया या आतड्याच्या परजीवीचे 99.9 टक्के आणि विषाणूंचे 99.99 टक्के निष्क्रिय व्हायला हवेत. शिवाय पाणलोटात काय चालतं यावर आपलं नियंत्रण आहे, हे मालकीने किंवा लेखी करारांनी सिद्ध करायचं.

गढूळपणाची अट पाळायला सर्वांत अवघड. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू क्लोरीनपासून वाचतात, म्हणून ती आहे. अनपेक्षित, असाधारण परिस्थितीत ती मोडली तर सवलत मिळते, पण बारा महिन्यांत दोनदा किंवा दहा वर्षांत पाचदा एवढीच. त्यापुढे सूट गेली.

पश्चिमेच्या पाण्यासाठी गाळणी केंद्राचा अंदाज निघाला सहा अब्ज डॉलरच्या आसपास, वर चालवण्याचा वार्षिक खर्च कित्येक कोटी डॉलर. पाणीपट्टी दुप्पट झाली असती, म्हणून शहराने सूट मागायचं ठरवलं.

पहिला मसुदा आणि त्याचा निकाल

शहराचे पाणलोटाचे नियम 1953 पासून बदललेले नव्हते. सप्टेंबर 1990 मध्ये शहराने नव्या नियमांचा मसुदा काढला: ओढ्यांपासून ठरावीक अंतरात शेणखत पसरायचं नाही, नवं बांधकाम नाही, फरसबंदी नाही, सेप्टिक नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यात फारसं चुकीचं काही नव्हतं. कॅट्सकिलच्या दऱ्या मात्र अरुंद आहेत. शेती, घरं, रस्ता, दुकान यांना लागणारी सपाट जमीन असते ती नेमकी ओढ्याकाठी. ‘ओढ्यापासून शंभर फूट’ ही नकाशावर छोटी दिसणारी पट्टी गावाची सगळी वापरायची जमीन खाऊन टाकते.

त्यात जुनी जखम होती. अशोकनसाठी सुमारे दोन हजार माणसं उठवली गेली, वस्त्या गेल्या, दफनभूमीतली थडगी उकरून हलवली गेली. पुढे डेलावेअरच्या प्रत्येक धरणाने तेच केलं. मुळशी ठाऊक असलेल्या वाचकाला हा राग समजावून सांगायला नको. 1991 मध्ये पाणलोटातल्या गावांनी आघाडी उभी केली आणि शहराला कोर्टात खेचलं. शहराकडे 1905 च्या कायद्यापासून नियम करायचा अधिकार होता. पण पाच हजार चौरस किलोमीटरवर रोज पहारा ठेवण्याएवढी माणसं कुठल्याही पालिकेकडे नसतात. गावांनी ठरवलं तर तिथला एकही नियम प्रत्यक्षात उतरला नसता.

आधी गोठे

तोडगा सुरू झाला शेतकऱ्यांपासून. तेव्हाचे शहराचे पर्यावरण आयुक्त अल् ॲपल्टन यांच्या काळात शहर, राज्याचं कृषी खातं, कॉर्नेल विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि शेतकरी एकत्र बसले आणि असं ठरलं: भाग घेणं ऐच्छिक, खर्च शहराचा, अंमल शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मंडळाचा, आणि पाच वर्षांत 85 टक्के शेतकरी आत आले पाहिजेत. त्यातून 1993 मध्ये वॉल्टन इथलं वॉटरशेड ॲग्रिकल्चरल कौन्सिल उभं राहिलं. 85 टक्क्यांचा आकडा गाठला गेला.

प्रत्येक शेताचा वेगळा आराखडा होतो आणि त्यात तीन अडथळे आखतात: जिथे घाण तयार होते तिथे, जमिनीवर, आणि ओढ्याच्या काठावर.

पहिला अडथळा प्रामुख्याने वासरांसाठी. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी सगळ्यात जास्त बाहेर टाकतात ती काही आठवड्यांची वासरं. मोठ्या गाईंचा वाटा त्यामानाने किरकोळ. तेव्हा अख्खा गोठा बदलण्यापेक्षा वासरांची जागा बदलणं स्वस्त पडतं: वेगळी, कोरडी, हवेशीर शेड, जिचं पाणी ओढ्याकडे उतरत नाही, आणि तिथलं शेण ओढ्यालगतच्या शेतात टाकायचं नाही. मिलवॉकी शहरात 1993 मध्ये याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. मिलवॉकीचं पाणी गाळलेलं होतं. गाळणी नीट चालली नाही आणि क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही. ‘केंद्र बांधा आणि निश्चिंत व्हा’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण त्या काळात फार वेळा ऐकवलं गेलं, आणि रास्तच.

यानंतरचं काम साधं, पण सारखं बिघडणारं. छपराला पन्हळी लावून पावसाचं पाणी गोठ्याच्या अंगणात येऊच न देणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पन्हळी बर्फाच्या वजनाने वाकल्या की अंगणातली सगळी घाण पुन्हा ओढ्याला. अंगणाला काँक्रीट आणि कडेला बांध. दूधघराच्या धुण्याच्या पाण्याला गवताची पट्टी. शेणखत साठवायचा हौद बांधला की हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर खत टाकायची वेळ येत नाही. नाहीतर ते बर्फावर पडून राहतं आणि मार्च-एप्रिलच्या वितळीत थेट ओढ्यात जातं. पण हौदाचा उलटा धोकाही आहे: सहा महिन्यांचं खत एकदम वसंतात, जमीन पाण्याने तुडुंब असताना बाहेर काढलं तर आधीपेक्षा वाईट. म्हणून हौद देताना खत कधी आणि कोणत्या शेतात टाकायचं याचं वेळापत्रकही देतात.

ते वेळापत्रक बनवण्यामागे कॉर्नेलच्या जलशास्त्राचा एक नेमका विचार आहे. कॅट्सकिलच्या उतारांवर माती उथळ, खाली घट्ट थर. पाऊस जोराचा म्हणून सगळ्या शेतावरून पाणी वाहत नाही. ते वाहतं आधीच भिजून गच्च झालेल्या जागांवरून, म्हणजे उताराच्या पायथ्याशी आणि खोलगट भागांत. हे पट्टे ऋतूप्रमाणे वाढतात, आक्रसतात. खत या पट्ट्यांतून हलवून वरच्या कोरड्या जमिनीवर नेलं, तर एकूण खत तेवढंच राहूनही ओढ्यात जाणारं बरंच घटतं. ओढ्यापासून सरसकट शंभर फुटांच्या नियमापेक्षा हे उपयोगी, आणि शेतकऱ्यालाही पटणारं, कारण कोणती जागा ओल धरते हे त्याला आधीच माहीत असतं.

फॉस्फरसचा हिशेब वेगळा. कॅनन्सव्हिल जलाशयात उन्हाळ्यात शेवाळ माजायचं. फॉस्फरस लिटरमागे 20 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर जात असल्यामुळे तो निर्बंधित यादीत होता, आणि या यादीमुळे तिथल्या गावांची वाढ अडत होती. शोध घेतल्यावर दिसलं की फॉस्फरस बाहेरून विकत आणलेल्या पशुखाद्यातून येतो. दुभत्या गाईच्या खुराकात कोरड्या वजनाच्या 0.35 टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस पुरतो; गोठ्यांत त्याहून खूप जास्त दिला जायचा, आणि जादा सगळा शेणातून बाहेर. खुराक बदलला की शेण बदलतं, त्यासाठी कुठलंही बांधकाम लागत नाही. मैलापाणी केंद्रांच्या सुधारणा आणि गोठ्यांवरचं काम मिळून कॅनन्सव्हिल 2002 मध्ये त्या यादीतून बाहेर पडला.

तिसरा अडथळा म्हणजे ओढ्याकाठी कुंपण आणि झाडांची पट्टी. 1998 पासून केंद्र सरकारच्या योजनेतून 10 ते 15 वर्षांच्या करारावर या पट्टीचं भाडं शेतकऱ्याला मिळतं. कुंपण घातलं की गुरांना पाण्याची दुसरी सोय द्यावी लागते, ओढा ओलांडायला दगडी फरसाची जागा करावी लागते. आणि महापूर आला की पहिलं जातं ते कुंपण. दुरुस्तीचा पैसा करारात नसेल तर दोन वर्षांत गुरं पुन्हा पाण्यात.

जानेवारी 1997

शेतीचा तोडगा चालतो हे दिसल्यावर बाकीच्या वाटाघाटींना जोर आला. न्यूयॉर्क राज्याचे राज्यपाल जॉर्ज पटाकी मध्ये पडले आणि 21 जानेवारी 1997 ला शहर, राज्य, केंद्र सरकारची पर्यावरण संस्था, पाणलोटातली गावं आणि पर्यावरण संघटना यांनी सामंजस्य करारावर सह्या केल्या. कराराची बांधणी अशी, की प्रत्येकाची शेंडी दुसऱ्याच्या हातात. शहराला गाळणीतून सूट हवी, ती केंद्र सरकार देणार. ती टिकण्यासाठी जमीन घ्यायची, त्याचा परवाना राज्याचा. नियम लागू व्हायचे तर गावांनी दावे सोडायचे. दावे सोडायचे तर शहराने पैसे मोजायचे. एक जण मागे हटला तर सगळं कोसळतं, म्हणून कोणीच हटत नाही.

जमिनीचा भाग असा. शहराने सक्तीने संपादन करायचं नाही; विकणारा राजी असेल तरच, बाजारभावाने, स्वतंत्र मूल्यांकन करून. पहिल्या दहा वर्षांत 3,55,050 एकरांच्या मालकांना विचारणा करायची, किती विकत मिळेल ते नशीब. क्रम ठरलेला: शहराकडे पाणी सोडण्याच्या ठिकाणाजवळची जमीन आधी, दूरची नंतर. गावठाणाभोवती गाव स्वतः सीमा आखू शकतं, तिच्या आत शहर जमीन घेणार नाही, कारण गावाला वाढायला जागा हवी. घेतलेल्या जमिनीवर शहर मालमत्ता कर भरत राहणार. हे शेवटचं कलम कोरडं वाटतं, पण गावाची शाळा त्या करावर चालते. जमीन शहराची झाली आणि कर बंद झाला असता तर प्रत्येक व्यवहार गावाच्या तिजोरीला भोक पाडून गेला असता. आजपर्यंत दीड लाखाहून अधिक एकर खरेदीने किंवा कायमच्या संरक्षण-हक्कांनी (जमीन मालकाकडेच, पण तिच्यावर बांधकाम न करण्याचा करार) सुरक्षित झाले आहेत.

पैसे वाटायला कॅट्सकिल वॉटरशेड कॉर्पोरेशन ही स्थानिक संस्था काढली. तिच्या 15 संचालकांपैकी 12 पाणलोटातल्या गावांचे, दोन राज्यपालांचे, एक शहराच्या महापौरांचा. पैसा शहराचा, बहुमत गावांचं. सहा कोटी डॉलरचा एक निधी निव्वळ स्थानिक रोजगार-व्यवसायासाठी ठेवला, ज्याचा पाण्याशी थेट संबंध काहीच नाही.

टाक्या आणि केंद्रं

नियमांची अंतरं ठरली: सेप्टिकचं शोषक्षेत्र (टाकीतलं पाणी चरांतून जमिनीत मुरतं ती जागा) ओढ्यापासून 100 फूट आणि जलाशयापासून 300 फूट दूर. नवी फरसबंदीही तशीच. 1990 च्या मसुद्याशी हे नियम मिळतेजुळते आहेत, मात्र आता प्रत्येक नियमासोबत पैसा होता.

सेप्टिक बिघडते कुठे? क्वचितच टाकीत. तीन शयनकक्षांच्या घराला हजार गॅलनची, म्हणजे सुमारे 3,800 लिटरची टाकी लागते आणि ती बरीच वर्षं टिकते. बिघडतं ते शोषक्षेत्र. न्यूयॉर्क राज्याच्या नियमाप्रमाणे खडक, घट्ट थर किंवा पावसाळी भूजलपातळी यांच्या वर किमान चार फूट वापरण्याजोगी माती हवी. कॅट्सकिलच्या कितीतरी जागांवर ती दोन फुटांवर संपते. मग चर जमिनीत न खोदता बाहेरची वाळू-माती आणून उंच गादी करावी लागते, तिथे पंपाने पाणी चढवावं लागतं, आणि खर्च एकदम वर जातो. जुन्या घरांत तर शोषखड्डासुद्धा नसतो. नळी सरळ ओढ्याच्या काठाला निघते. दुसरं कारण उपसा न करणं. टाकीतला गाळ वर चढला की घन मैला चरात जातो, छिद्रं बुजतात, आणि बुजलेला चर उपसून मोकळा होत नाही. नवाच करावा लागतो.

म्हणून दुरुस्तीचा खर्च कायम राहणाऱ्या कुटुंबांना पूर्ण आणि सुट्टीपुरतं घर ठेवणाऱ्यांना 60 टक्के दिला गेला, शिवाय नियमित उपशाचा निम्मा. पाच हजारांहून जास्त घरांची व्यवस्था अशी बदलली. ‘श्रीमंताच्या सुट्टीच्या घराला का द्यायचं’ हा वाद झाला, पण ओढ्याला मालकाचं उत्पन्न कळत नाही.

गावांच्या आणि संस्थांच्या मैलापाणी केंद्रांना सूक्ष्मगाळणीपर्यंतची प्रक्रिया सक्तीची झाली. गंमत अशी, की शहर पिण्याचं पाणी गाळत नाही, पण वरच्या गावांचं सांडपाणी 0.2 मायक्रॉनच्या गाळणीतून काढतं. बसवण्याचा आणि नियमामुळे वाढलेला चालवण्याचा, दोन्ही खर्च शहराचे. ज्या दाट वस्त्यांत केंद्रच नव्हतं तिथे नवं देऊ केलं गेलं. हंटर, विंडहॅम, अँडीस अशी गावं आली. फिनिशियात मात्र देऊ केलेलं केंद्र वर्षानुवर्षं अडलं, कारण पुढे चालवण्याचा बोजा दुकानदार आणि घरमालकांवर किती पडेल याची खात्री लोकांना पटली नाही. फुकट मिळालेल्या केंद्राचं वीजबिल फुकट नसतं, हे आपल्याकडे बंद पडलेल्या मैलापाणी केंद्रांनी पुरेपूर शिकवलं आहे.

पक्ष्यांचं थोडक्यात. केन्सिकोत हिवाळ्यात कोलिफॉर्म वाढायचे आणि कारण निघालं सीगल आणि हंस-बदकांचे रात्रीचे थवे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून बोटी आणि आवाजाच्या बारांनी त्यांना शहराकडे पाणी जाण्याच्या भागातून हुसकतात. पूर्ण कार्यक्रमातला हा सर्वांत स्वस्त आणि लगेच गुण देणारा भाग.

चिकणमाती

इथे संरक्षणाची हद्द संपते. अशोकनला पाणी देणारा एसोपस ओढा आणि त्याच्या उपओढ्यांच्या तळाशी हिमयुगातल्या सरोवरांची चिकणमाती आहे. वर दगडगोट्यांचा थर आहे तोवर ठीक. पुराने तो फाटला की खालची माती उघडी पडते आणि पाणी लालसर-तपकिरी होतं. हे मानवनिर्मित प्रदूषण नाही. जमीन शंभर टक्के विकत घेतली, एकही माणूस राहिला नाही, तरी होईल.

एक मायक्रॉनचा मातीचा कण स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम आठ सेंटिमीटर खाली बसतो. दहा मीटर उतरायला चार महिने. थंड पाणी घट्ट असल्यामुळे हिवाळ्यात त्याहून जास्त, आणि वारा पाणी ढवळतो तो वेगळाच. जलाशय मोठा आहे म्हणून गाळ आपोआप बसेल, हे वाळूबाबत खरं आहे, चिकणमातीबाबत नाही.

म्हणून पुराच्या वेळी क्रमाने पावलं टाकतात. अशोकन मुळातच दोन भागांत बांधला आहे: ओढा पश्चिम भागात येतो, तिथे जड गाळ बसतो, मधल्या बांधावरून निवळ पूर्व भागात जाते. पश्चिमेची पातळी वादळाआधीच खाली आणून ठेवतात, म्हणजे गढूळ पाणी बांध ओलांडत नाही. तरी ओलांडलं तर कॅट्सकिलकडून घेणं कमी करून डेलावेअरचं पाणी वाढवतात. मग अशोकनचं गढूळ पाणी विमोचन कालव्याने, म्हणजे धरणातलं पाणी बाहेर सोडायच्या कालव्याने, धरणाखालच्या एसोपसमध्ये सोडतात. यानेही भागलं नाही तर केन्सिकोच्या तोंडाशी तुरटी. 28 ऑगस्ट 2011 च्या आयरीन वादळानंतर तुरटी कित्येक महिने चालू होती. तुरटीने बसलेला गाळ केन्सिकोच्या तळाशी साचतो आणि कधीतरी उपसावा लागतो.

तिसऱ्या पावलात शहराचा प्रश्न दुसऱ्याच्या दारात जातो. 2010 च्या अखेरीपासून अशी विमोचनं वाढली आणि खालच्या एसोपसच्या काठचे लोक चिडले. त्यांची नदी आठवडेच्या आठवडे चिखलाची राहते, शेतं ओलावतात, आणि 1997 च्या करारात त्यांना काहीच मिळालेलं नाही, कारण ते पाणलोटात नाहीत, धरणाखाली आहेत. करारात धरणाच्या वरच्यांचा विचार होता, खालच्यांचा कोणी केलाच नव्हता. हा त्या आराखड्यातला सगळ्यात मोठा दोष.

ओढ्यांवरचं कामही चुकीच्या सवयी मोडत सुरू झालं. पूर ओसरला की बुलडोझरने पात्र खोल आणि सरळ करायची तिथली जुनी रीत. सरळ पात्रात वेग वाढतो, तळ खचतो, काठ कोसळतो, आणि पुढच्या पुरात चिकणमाती आणखी उघडी पडते. आता स्टोनी क्लोव्हसारख्या ओढ्यांवर नेमक्या उघड्या जागा शोधून काठ मागे घेतात, वळण परत देतात, पायथ्याला दगड आणि वर विलोच्या फांद्या लावतात. पूरपट्ट्यातली घरं राजीखुशीने विकत घेऊन जागा नदीला मोकळी करण्याची योजनाही शहराच्या पैशाने चालते.

अतिनील केंद्र, आणि क्रोटन

केंद्र सरकारच्या 2006 च्या नियमाने न गाळलेल्या पाण्यासाठी क्रिप्टोस्पोरिडियमवर दुसरी निर्जंतुकीकरण पायरी सक्तीची केली. त्यातून वेस्टचेस्टरमध्ये 56 युनिट्सचं अतिनील केंद्र 2012 मध्ये सुरू झालं, खर्च दीड अब्ज डॉलरच्या आसपास. ‘निसर्गाने फुकट गाळलं’ या गोष्टीत हे केंद्र सहसा नसतं. अतिनील किरणांनाही निवळ पाणी लागतं. गढूळपणा वाढला की किरण कणांत अडतात. म्हणजे वरचं संरक्षण ढिलं पडलं तर खालचं यंत्रही कमी पडतं.

त्याच शहराचं, त्याच नियमांखालचं क्रोटन मात्र हातचं गेलं. उपनगरं आधीच पसरली होती, फॉस्फरस आणि पाण्याचा रंग आवरेना. 1998 मध्ये शहराने न्यायालयात गाळणी केंद्र मान्य केलं आणि ब्रॉंक्सच्या व्हॅन कॉर्टलँड पार्कखाली ते 2015 मध्ये सुरू झालं. खर्च तीन अब्ज डॉलरहून अधिक, तोही पाण्याच्या दहाव्या हिश्श्यासाठी. पाणलोटात डांबर पडून गेल्यावर करार करून उपयोग नसतो. क्रोटनमध्ये आता हिवाळ्यात रस्त्यांवर टाकायच्या मिठाचं क्लोराईड चढतं आहे, आणि ते ना वाळूच्या गाळणीत अडकतं ना अतिनीलला जुमानतं.

गाळणीतून सूट एकदाच मिळून संपत नाही. 1993 पासून ती पुन्हा पुन्हा तपासून दिली गेली. सध्याची दहा वर्षांची परवानगी राज्याच्या आरोग्य खात्याने 2017 मध्ये दिली. 2020 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने पूर्ण कार्यक्रम तपासला आणि दूरची जमीन घेत राहण्यापेक्षा ओढ्याकाठच्या जागांवर भर द्यावा असं सुचवलं. गावांचं म्हणणं वर्षानुवर्षं हेच होतं: सपाट जमीन थोडी, तीही शहर घेतं, भाव वाढतात, आमच्या मुलांना घर बांधायला जागा उरत नाही.

आपल्याकडे यातलं काय लागू

गाळणी टाळणं हा आपला प्रश्नच नाही. आपल्या धरणांचं पावसाळी पाणी 5 एनटीयूच्या कितीतरी वर असतं, गाळावंच लागेल. तानसासारखे तलाव अभयारण्यात आहेत, तिथे पाणलोट बऱ्यापैकी राखलेला आहे. खडकवासल्याच्या काठावर फार्महाउस आणि हॉटेलांच्या टाक्या मात्र नेमक्या त्या तीनशे फुटांच्या पट्टीत बसल्या आहेत. आपण नियम करून पाहिले. नदी नियमन क्षेत्राचं धोरण 2000 मध्ये आलं आणि 2015 मध्ये मागे घेतलं गेलं; त्यात बंधनं होती, बंधनांची भरपाई नव्हती. शहापूर तालुक्याच्या उशाशी मुंबईची धरणं आहेत आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांना टँकर लागतो. त्या लोकांना ‘काठावर खत टाकू नका’ सांगायला कोणत्या तोंडाने जायचं?

हिशेब मात्र करता येतो. मुंबईच्या रोजच्या 3,850 दशलक्ष लिटरवर हजार लिटरमागे 25 पैसे वेगळे काढले, तर दिवसाला साडेनऊ लाख, वर्षाला सुमारे 35 कोटी रुपये होतात. ते महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत गेले तर शहापूर-मोखाड्याला पोचणार नाहीत. वेगळं खातं लागेल, त्यावर तिथल्या ग्रामपंचायतींचं बहुमत लागेल, आणि पहिला खर्च पाड्यांच्या पिण्याच्या पाण्यावर. त्यानंतर तलावांभोवतीच्या गावांतल्या शौचालयांच्या खड्ड्यांची मोजणी: कोणता खड्डा ओढ्यापासून किती अंतरावर, खाली मुरूम किती फुटांवर लागतो, शेवटचा उपसा कधी झाला आणि उपसलेला मैला टँकरवाल्याने नेऊन कुठे ओतला.